उत्तरेतली सभ्य माणसं

तिला मी पालकसभेत पाहताक्षणी ओळखलं. तिने मला ओळखलं नाही. समोरच्या खुर्चीत बसून तिने पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी आहात हे कळल्यापासून इतकं बरं वाटतंय. मुलगी घरात मराठी बोलायलाच मागत नाही." मी हसले, मुलीची वही दाखवली, मार्क सांगितले. ती उठून गेली. पुढच्या पालकांना मी पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं.

मी कुवेतच्या सालमिया भागातल्या एका अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेत इतिहास शिकवते. पण कुवेतला पहिल्यांदा आले ती शिक्षिका म्हणून नव्हे. चौदा वर्षांपूर्वी, बी.ए. होऊन घरी बसले असताना, एका मराठी डॉक्टर जोडप्याने मला आणलं. मुलांना सांभाळायचं, त्यांना मराठी शिकवायचं, घरच्यासारखं राहायचं. आमचं घर गुहागरच्या बाजूला, वडील म्हणाले, आपलीच माणसं आहेत, जा. विमानतळावरच डॉक्टरीणबाईंनी माझा पासपोर्ट घेतला, "हरवशील," म्हणाल्या. तो त्यांच्या कपाटात गेला. स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत माझी गादी. मारहाण नव्हती, जेवण पोटभर होतं. दोन वर्षांचा करार होता. तो संपला तेव्हा मी म्हणाले, मला बी.एड.ला प्रवेश घ्यायचाय, मला जाऊ द्या. बाई म्हणाल्या, "दुसरी मिळेपर्यंत थांब. आणि बी.एड. करून काय दिवे लावणारेस?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा मोबाइलही कपाटात गेला.

पालकसभेतली ती बाई अबू हलीफा भागात राहायची आणि त्यांच्याकडे गणपतीला यायची. सगळ्यांची ताई. कुणाचं बाळंतपण असो, कुणी विमानतळावर अडकलेलं असो, ही धावायची. आरतीनंतर मी भांडी घासत होते, तर स्वतःहून आत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "काही लागलं तर ये गं. मोठी बहीण समज."

मी तसंच समजले. एका शुक्रवारी दुपारी, घर जेवून झोपलेलं असताना, मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले आणि टॅक्सीत बसले. ताईंनी दार उघडलं, मला आत घेतलं, पाणी दिलं, शेवयांची खीर दिली. मी सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी खोटं सांगणार नाही. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, "हो, इथेच आहे, सुखरूप आहे. तुम्ही या."

बाहेर आल्यावर त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "हे बघ, आम्ही कधी कुणाला असं ठेवलेलं नाही. मला हे पटतही नाही. पण इथला कायदा आहे, पळून आलेलीला घरात ठेवलं तर आमचाच व्हिसा जाईल. माझ्या घरात लहान मूल आहे. आणि तू तिकडे उपाशी तर नव्हतीस ना?"

पाऊण तासात डॉक्टर आले. ताईंनी मला खिरीचा डबा बांधून दिला.

त्यानंतर चार महिने बाहेरचं दार कुलूपबंद होतं. पुढे एकदा दूध आणायला पाठवलं तेव्हा इमारतीखालच्या बकाल्यात, किराणा दुकानात, रत्नागिरीकडचे एक चाचा बसायचे, ते म्हणाले, "बाय, आता कुणाच्या घरी जाऊ नको. सरळ वकिलातीत जा." टॅक्सीही त्यांनीच बोलावली. वकिलातीच्या निवाऱ्यात सात आठवडे काढले. हॉस्पिटलात बोभाटा नको म्हणून डॉक्टरांनी मी पळून गेल्याची पोलिसांत दिलेली तक्रार मागे घेतली, पासपोर्ट दिला, मी सुटले. बी.एड. केलं, एम.ए. केलं, कोल्हापुरात शिकवलं. मग या शाळेची जाहिरात आली. परत का आलीस, असं माझी बहीण विचारते. पगारासाठी, असं मी तिला सांगते. खरं म्हणजे मला या शहरात स्वतःच्या पासपोर्टनिशी चालायचं होतं.

डॉक्टर जोडपं तोवर कॅनडाला गेलं होतं. त्यांच्याबद्दल मला आता फारसं काही वाटत नाही. मालक मालकासारखे वागले. मला राग होता तो खिरीचा.

आमच्या दहावीला अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा मोठा भाग असतो. पुस्तक तो नकाशापासून सुरू करतं. दक्षिणेत कापूस, उत्तरेत गिरण्या. जकातीवरून भांडण, नव्या प्रदेशांत गुलामगिरी चालू द्यायची की नाही यावरून भांडण. मुलं रंगपेटी घेऊन दोन रंग भरतात आणि त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं की एका रंगातली माणसं वाईट, दुसऱ्यातली चांगली. मी दरवर्षी त्यांना सांगते की उत्तरेतल्या गिरण्या दक्षिणेच्याच कापसावर चालायच्या. मग त्यांना पळालेल्या गुलामांचा कायदा शिकवते. दक्षिणेतून पळून उत्तरेत आलेल्या माणसाला पकडायला मदत करणं या कायद्याने उत्तरेतल्या माणसांना भाग पाडलं. आसरा दिला तर दंड आणि तुरुंग. काही गावांनी त्या कायद्याला धाब्यावर बसवलं, तुरुंग फोडून माणसं सोडवली. बाकीच्यांनी दार उघडून पकडणाऱ्यांना आत घेतलं. युद्धाआधीची फूट नकाशावर होती तशी ती उत्तरेतल्या एकेका घरातही होती, हे मी शिकवते.

पालकसभेनंतर दोन आठवड्यांनी हा भाग आला. शेवटी मुलं पालकांसमोर छोटी भाषणं करतात, त्या काळातल्या एकेका माणसाच्या तोंडून. मळेवाला, गिरणीमालक, पळून आलेली बाई, खासदार. कोणाला कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्या वर्षी मी चिठ्ठ्यांत लबाडी केली. ताईंच्या मुलीची चिठ्ठी माझ्या मुठीतच होती. पेन्सिल्व्हेनियातला सभ्य गृहस्थ, जो पळून आलेल्या बाईला जेवू घालतो आणि मग पकडणाऱ्यांना निरोप धाडतो.

मुलगी हुशार. तिने कायदा नीट वाचला, मसुदा लिहून आणला. "मिस, हा माणूस दुष्ट वाटत नाहीये," ती इंग्रजीत म्हणाली. "वाटायला नकोच," मी म्हणाले आणि तिच्या मसुद्यात चार वाक्यं घातली. ओट्याला टेकून म्हटलेली चार वाक्यं, तशीच्या तशी, फक्त व्हिशाच्या जागी दंड आणि तुरुंग. खिरीचीही बशी घातली, नाव बदलून.

त्या दिवशी ताई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, मोबाइलवर चित्रण करत. मुलगी उभी राहिली. पहिली दोन मिनिटं ताई हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. मग मुलगी म्हणाली की माझ्या घरात लहान मूल आहे. ताईंचा हात खाली आला. ती म्हणाली की ती बाई तिकडे उपाशी तर नव्हती. ताईंनी मुलीकडे पाहिलं, मग मान वळवून भिंतीपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी नजर हलवली नाही. ओळख पटायला किती वेळ लागतो ते मी पाहिलं. बराच लागला. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांचे हात मांडीवरच होते.

कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला गाठलं.

"तू ती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी रोज... म्हणजे पुढे मी विचारलं होतं त्यांच्याकडे. ते म्हणाले, तू मजेत आहेस."

"आणि तुम्हाला ते पटलं."

"आमचा व्हिसा गेला असता गं. माझी पोर चार वर्षांची होती. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मला माहीत नाही, ताई. मी तुमच्या जागी नव्हते."

त्या रडू लागल्या. शेजारून पालक जात होते, त्यांना वाटलं मुलीचं कौतुक चाललंय. "मी माफी मागते," त्या म्हणाल्या. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले की पुढचा वर्ग आहे, मला जायला हवं. पुढचा तास मोकळा होता. मी स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यायले. इतका चवीने चहा मी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते.

तीन दिवसांनी ताईंचा फोन आला. मुलगी घरात बोलत नाहीये. तिने विचारलं, मिसशी बोलताना तू का रडलीस, आणि ताईंनी घाबरून सगळं सांगून टाकलं. "तुम्ही तिला समजावून सांगा ना, मॅडम. तुमचं ऐकेल ती. सांगा की कायदाच तसा होता." आता पुन्हा तुम्ही, पुन्हा मॅडम.

"कायदा तिला माहीत आहे," मी म्हणाले. "तिला त्यात पूर्ण मार्क आहेत." आणि फोन ठेवला.

नंतर मुलगी स्वतःच आली. मधल्या सुट्टीत, दार लोटून. ती खुर्चीत बसली नाही.

"ती वाक्यं आईची होती?"

"हो."

"तुम्ही ती माझ्या तोंडी घातलीत. आईला दाखवायला."

"हो."

"माझी चिठ्ठीसुद्धा?"

तीही, असं मी सांगितलं. मग तिने मराठीत विचारलं, अडखळत, "मी होते का तिथे? त्या दिवशी?"

"होतीस. फरशीवर चित्र रंगवत बसली होतीस. डॉक्टर आले तेव्हा दार तूच उघडलंस."

हे सांगायची गरज नव्हती. चार वर्षांच्या पोरीला बेल वाजली की धावायची हौस असते, एवढंच. पण माझ्या तोंडून ते निघालं, आणि चुकून निघालं असं मी म्हणणार नाही. ती गेली. पुढच्या आठवड्यात तिच्या आईच्या अर्जावरून तिची तुकडी बदलली.

सुपरवायझर बाईंनी मला कारण विचारलं. घरगुती आहे, असं मी सांगितलं. मुलगी आता जिन्यात दिसते तेव्हा मान डोलावते, थांबत नाही. तिच्याबाबतीत मी चुकले, हे मला कळतं, आणि एखाद दिवशी तिला तसं सांगेनही. तिच्या आईने मात्र त्यानंतर दोनदा निरोप पाठवला, अबू हलीफाला घरी जेवायला या म्हणून. मी अजून उत्तर दिलेलं नाही. देणार नाही.