चूळताईची लेक

दातांच्या दवाखान्यात तिला सगळे चूळताई म्हणायचे, आणि त्यात काही चूक नव्हती. अकरा वर्षं ती डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली होती. कुणी खुर्चीवरून उठलं की हिची टकळी सुरू. पेस्ट थुंका, पण पाण्यानं चूळ भरू नका. गोड खाल्लं की तोंडात आम्ल होतं, ते दाताच्या वरच्या थरातले क्षार ओढून काढतं. पेस्टमधलं फ्लोराइड ते क्षार परत बसवायला मदत करतं, थर टणक करतं. तुम्ही ते लगेच बेसिनात ओतलंत, तर त्यानं काम करायचं कधी? एका रिटायर्ड हेडमास्तरांनासुद्धा तिनं हे तीनदा ऐकवलं होतं.

आणि घरी? घरी बाईसाहेबांचा खाक्या वेगळा. नऊ वर्षांच्या लेकीनं दात घासले की ही पाण्याचा मग घेऊन मागे उभी. आणखी एक चूळ भर. फेस राहता कामा नये. तिच्या आईनं तिला तसंच वाढवलं होतं, आणि दवाखान्यातलं बोलणं दवाखान्यातच, एप्रनबरोबर खुंटीला टांगलेलं. ते आपल्याही घराला लागू आहे, हे बयेच्या डोक्यातच आलं नाही.

सुट्टीत एकदा ती लेकीला सोबत घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी सहज दिवा खाली ओढला, दात हवेनं सुकवले आणि वाकून पाहिलं. वरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग. क्षार निघून चालले होते. अजून खड्डा पडला नव्हता, डाग थांबवता येण्यासारखे होते, पण आता हयगय नको, म्हणाल्या. गोळ्या-चॉकलेटं किती खातेस ते विचारलं, मग म्हणाल्या, "ब्रश केल्यावर चूळ भरतेस का गं?"

पोरीनं आईकडे पाहिलं. आई हातातल्या ट्रेवरची नजर वर उचलत नव्हती.

"भरते. आई नको म्हणते, तरी भरते."

डॉक्टरीणबाईंनी पोरीला चांगलंच फैलावर घेतलं. जगाला शिकवणारी आई घरात असून तिचं ऐकत नाहीस? पोर मान खाली घालून ऐकत राहिली. आईला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण अकरा वर्षं न थकलेली ती जीभ टाळ्याला चिकटली. तिनं डॉक्टरीणबाईंच्या हातात फ्लोराइडच्या लेपाचा ब्रश दिला. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी जाताना पोरीनं तिचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आई, रडू नकोस. मी नाही सांगणार कुणाला."