तलासरीच्या मैदानावर दीड मॅच

होस्टेलमध्ये सिस्टर प्रार्थनेला गेल्या की मंगल आणि मी इस्त्रीवर सुके बोंबील भाजायचो. पुढे आठवडाभर आमच्या युनिफॉर्मना वास. तीच मंगल मे २०१८मध्ये वाढवणहून फोनवर ओरडली, "शैले, केतन आलाय! ये लवकर!"

केतन तिचा मुलगा, व्यावसायिक फुटबॉलपटू. भूतान, ओमान, मालदीव. जिथला क्लब बोलावेल तिथे एकेक हंगाम खेळायचा. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता मालदीवचा एक क्लब तयार होता, पण पूर्ण नव्वद मिनिटांचा ताजा व्हिडिओ पाहून मगच करार. बत्तिसाव्या वर्षी दुसरं कोण विचारणार?

मी पहाटेच ठाण्याहून गाडी काढली. अहमदाबाद हायवेने चारोटीला या आणि डावीकडे वळा. नाश्ता तिथेच उरका. डहाणू रोड स्टेशनजवळ बाराशेला एसी खोली मिळाली. संध्याकाळी मंगलकडे बोईट मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. अहाहा!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीने तलासरीला. ऊन चढायच्या आत पोहोचा, मैदानावर सावली नाही. आसपासच्या पाड्यांवरच्या दोन टीम केतनसाठी जमल्या होत्या. त्यांचे सामने एरवी वीस-वीस मिनिटांचे.

"नव्वद मिनिटं?" समोरचा कॅप्टन हसला. "मग आमाला पण मालदीवला न्या!"

शूटिंग माझ्याकडे. मी मैदानाकडेच्या एका टेम्पोवर चढून, जीव तोडून चित्रण केलं. हाफटाइमला केतनने मोबाइल पाहिला.

"मावशी, यात मी कुठंय?"

"अरे, बॉल तर एकदाही सुटला नाही!"

"मी डिफेंडर आहे. बॉल नसताना मी कुठं उभा असतो, तेच क्लबला बघायचंय."

मंगलने कपाळावर हात मारला. "आणि ही म्हणे वर्गात पहिली यायची!"

अर्धा सामना फुकट. मला तर रडूच फुटलं. कॅप्टन घाम पुसत म्हणाला, "रडता कशाला, आजी? पयल्यापासून खेळू."

मंगल घाबरली. "केतन, गुडघा?" तो बुटाची नाडी बांधत होता.

या वेळी मी मोबाइलमध्ये फक्त केतनला धरलं. हात दाखवणारा, मराठी-गुजरातीत ओरडणारा, मागे पळणारा केतन. शेवटच्या मिनिटाला त्याने घसरत जाऊन कॅप्टनचा बॉल काढला आणि तसाच पडून राहिला. मंगल धावली. तो हसत होता!

चार दिवसांनी करार आला. आता घरी टीव्हीवर मॅच लागली की माझी नजर बॉलवर टिकतच नाही.

मालदीवला निघताना विमानतळावरून केतनचा मेसेज आला होता:

"मावशी, माझ्या जुन्या क्लबांच्या जर्सी आमच्या घरी बॅगेत आहेत. मासेमारीची बोट आली की सगळ्या खलाशांना सारखा वाटा मिळतो, तसंच करा. दोन्ही टीममधल्या प्रत्येकाला एकेक. कोण चांगला खेळला ते बघायचं नाही. कमी पडल्या तर त्यात माझे टी-शर्ट घाला. नवे बूट कॅप्टनला. आमच्यात बोटीचा वाटा वेगळा काढतात, गाडी तुमची म्हणून तो तुमचा: भूतानचं लोकरी जॅकेट. आईला काही देऊ नका. तिला तलासरीला न्या, आणि सगळं तिच्याच हातून वाटा."