कप्तानाला बांधलेला अर्धा फेटा

हसायचं असेल तर मंडळी, आधीच हसून घ्या. कारण ही फजिती सांगताना मला अजूनही राग येतो.

रविवार होता. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी मी दाढी करत बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण. माझी बायको सुशीला पेपर वाचता वाचता एकदम उभीच राहिली.

"अहो, हिंदुस्थानच्या फुटबॉलचा कप्तान उद्या मेलनं आपल्या ठेसनावरून चाल्ला!"

"बरं मग?"

अहो, मला फुटबॉलमधलं काय कळतं? सुशीला मात्र बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेली. भाऊ फुटबॉल खेळायचे, आणि चेंडू नाल्यात गेला की हिला पिटाळायचे. शेजारच्या रेडिओवर मॅच लागली की आमची भाजी करपलीच! हा कप्तान अनवाणी खेळायचा तिथपासून परदेशात देशाचा झेंडा घेऊन चालला तिथपर्यंत सगळं तिला पाठ.

"मले त्याले एकच गोष्ट विचाराची हाय," ती म्हणाली. "गाडी थांबते तेवढ्यात होते."

खिडकीशी जायचं, विचारायचं, परत यायचं. पण नवरा मास्तर असला की सोपं काम सोपं राहतं का?

"अशी रिकाम्या हातानं जाणार? देशाचा कप्तान आहे तो! रीतसर सत्कार झाला पाहिजे!"

आमच्याकडे सत्कार करावा तो तालमीनंच. मी तालमीचे वस्ताद गुलाबराव यांना गाठलं.

"कप्तान म्हंजे पयलवानच ना?"

"तसंच काहीसं."

"मंग फेटा बांधा लागते, मास्तर. नाई तं मानूस जितून आला का हारून आला, लोकायले कसं समजन? आन् बांधा तुमीच. शिकल्या मानसाच्या हातचा शोभते."

झालं! मी आयुष्यात एकदाच फेटा बांधला होता, गॅदरिंगमधल्या सरदाराला. तो पहिल्याच प्रवेशात सुटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आली. हलगी कडाडली. डब्याच्या दारात एक सडपातळ, हसरा माणूस येऊन उभा राहिला.

"हा कप्तान?" गुलाबराव माझ्या कानात म्हणाले. "याची तं मान बी नाई भरली!"

सुशीला पुढं सरकली. "थांब गं, आधी सत्कार," म्हणून मी भाषण सुरू केलं. "शत्रूवर शेकडो गोल चढवणारे हे वीर..."

कप्तानानं हात जोडले. "मास्टरजी, मैं तो बैक हूँ. मैं गोल रोकता हूँ."

सुशीलानं कपाळाला हात लावला.

"मास्तर, भाषन राहू द्या, फेटा घ्या!" गुलाबराव ओरडले.

घेतला. पहिला वेढा कप्तानाच्या डोळ्यांवर आला. सोडला. दुसरा नाकावर आला.

"अहो, मी विचारू का?"

"जरा दम धर, शेमला राहिलाय!"

गार्डानं शिट्टी दिली आणि गाडी हलली! निम्मा फेटा देशाच्या डोक्यावर, निम्मा माझ्या मुठीत! मी फलाटावर धावतोय, कप्तान दारात भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय, मागून गुलाबराव बोंबलतायत, "सोडा मास्तर, सोडा! मुंडकं येईन त्याचं हातात!"

शेवटी फेटा माझ्याकडे आला आणि कप्तान कलकत्त्याला गेला.

पुढं कित्येक वर्षं मी चिडत राहिलो. त्या गार्डाला पाहुण्याचा मान कळू नये? गुलाबरावांना फुटबॉल आणि कुस्ती यांत फरक दिसू नये? आणि देशाचं नेतृत्व करणाऱ्या माणसाचं डोकं इतकं लहान असावं? चहाला कुणी आलं की मी हे सगळं तावातावानं सांगायचो, आणि सुशीला कप ठेवता ठेवता हसायची. "राहू द्या ना आता. बिचाऱ्याची मान तं वाचली!"

गेल्या माघात सुशीला गेली.

परवा गुलाबराव चहाला आले होते. मी सवयीनं गार्डापासून सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच अडवलं.

"मास्तर, पन वयनीले त्या कप्तानाले विचाराचं काय होतं?"

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं मीच बोलत होतो. तिला मी ते कधी विचारलंच नव्हतं.