कालव्याचं पाणी आलं तेव्हा

काल गॅलरीतल्या वाळलेल्या कुंडीत पाणी ओतलं आणि ओल्या मातीचा तो वास मला पिंपळवंडीच्या शेतात घेऊन गेला. त्या वर्षी पावसाळा कोरडाच गेला होता. विहीर आटलेली, ओंबीवर आलेला गहू एका पाण्यावाचून करपत होता. अशात एका थंड सकाळी येडगावच्या कालव्याचं पाणी आमच्या पाटात शिरलं. माझे वडील हात जोडून पाण्यापुढं उलट्या पावलांनी चालत होते. "या पावणं, या!"

हळदीकुंकू घेऊन आलेली आई म्हणाली, "माज्या भावाला कधी असं बोलावलं न्हाई!"

"त्यो कुठं गव्हाला पाणी आणतो?"

हसता हसता वडील पाटातच बसले. गार पाणी त्यांच्या मांड्यांवरून गव्हाकडं निघालं. त्या गव्हानं घर तगलं, माझं कॉलेज सुटलं नाही. वडील पाटात बसले तेव्हा वाटलं होतं, त्यांचा पाय घसरला. आता वाटतं, त्यांना त्या पाण्यातून उठायचंच नव्हतं.