मनगटावरचे वळ

माझे हात दिवसभर कुणाचे ना कुणाचे असत. सासूच्या पायाला तेल, दिराचा डबा, म्हशीची धार, वीस-वीस भाकरी. म्हणूनच असेल, नवऱ्याजवळ असताना मला हात बांधून घ्यायला आवडायचं. हात बांधले की मला कुणी काही मागू शकत नसे. लग्नाला चार वर्षं झाल्यावर हे मीच त्यांना सांगितलं, तेही पाठमोरी होऊन.

मांजरसुंब्याला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस भित्रा. आधी म्हणाले, "येडी का तू? लागलं बिगलं म्हंजी?" मग जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीनं बांधायला लागले. पट्टीखाली बोट सरकवून बघायचे, तीनतीनदा विचारायचे, "लई घट्ट न्हाई ना?" मला हसू यायचं आणि रागही यायचा. इतकं विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नेकनूरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. निघायच्या आदल्या दुपारी घरात कुणी नव्हतं. आज जरा आवळून बांधा, असं मीच म्हटलं. ते नको म्हणत होते, पण मी हट्टाला पेटले.

माहेरी दुसऱ्या दिवशी मनियारीण बांगड्या भरायला आली. मांडवात आम्ही सगळ्या ओळीनं बसलो होतो. तिनं माझ्या जुन्या बांगड्या वाढवल्या, साबण लावून हात दाबला आणि थांबली. दोन्ही मनगटांवर निळे वळ होते. "बेटी, हे कुनी केलं?" ती म्हणाली. मी चटकन हात ओढून घेतला आणि बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

संध्याकाळी वडील, चुलते आणि थोरला भाऊ यांनी माझ्या नवऱ्याला आतल्या खोलीत बसवलं. मी दाराशी उभी होते. भाऊ म्हणाला, "दाजी, आमच्या बहिनीला बांधून मारता व्हय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला माझं एक वाक्य पुरलं असतं. पण वडिलांसमोर, चुलत्यांसमोर तोंडातून शब्द फुटेना. मी फरशीकडे बघत राहिले. शेवटी तेच म्हणाले, "चुकलं माजं."

पुढची अकरा वर्षं माझ्या माहेरी ते ओट्यावरच बसत. आत या, असं कुणी म्हटलं नाही. मला त्यांनी पुन्हा कधी बांधलं नाही. मी माहेरी खरं सांगते म्हटलं की चिडायचे, "कावून? तुजी लाज घालवून मला काय मिळनार हाय?" आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून सुटकेचा श्वास टाकायची.

मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन ते दुकानातच गेले. तेराव्याला आई आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "सुटलीस बाय एकदाची."

मी तिथंच सगळं सांगून टाकलं. मला आवडायचं, मीच बांधा म्हणाले होते, त्यांनी जन्मात माझ्यावर हात उचलला नाही. इतकी वर्षं नडलेली लाज त्या दिवशी कुठं गेली होती कोण जाणे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं डोळे टिपले.

"गेलेल्या मानसावर पांघरून घालतीस, चांगलं हाय," ती म्हणाली. "पर माज्यापुढं कावून झाकतीस? म्या माफ केलं त्यान्ला."