नाव दुसऱ्याकडे गेलं होतं

किन्हीराजात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी बाई त्या सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला.

"तुमच्या साइटवरून फोन आला," ती म्हणाली. "म्हणे, तुमचा माणूस ट्रॉलीखाली सापडला, दवाखान्यात हाय. मोबाइलवर एक नंबर येईन, तो सांगा."

"सांगितला?"

"नाई. त्यानं लेकराईचं नाव घेतलं, मले भेवच वाटलं. त्याले कसं मालूम?"

नवऱ्याला फोन लावला, तर तो फडात धडधाकट होता. पण लेकरांची नावं खरी होती, आणि ती तिनं एकाच ठिकाणी दिली होती. कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांचे निरोप घरी पोचावेत म्हणून मी एक वेबसाइट चालवत होते. तिथला फॉर्म आम्ही दोघींनी मिळूनच नुकताच भरला होता.

मी साइट उघडली. पानं तीच, फोटो तेच. फक्त खाली माझ्या फोन नंबरच्या जागी अनोळखी नंबर होता.

साइट ज्या कंपनीकडे ठेवली होती तिथं फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं सगळं आमच्याकडे जसंच्या तसं आहे. पण बऱ्याच दिवसांत ते कोणी उघडलेलं नाही."

"अहो, मी आत्ता उघडून बसले आहे."

तिनं नोंदी पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, "मग ती साइट आमच्याकडची नाही. तुमच्या साइटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता, कोणत्या कंपनीकडे नोंदलंय ते आधी शोधा. साइट ठेवणारी कंपनी वेगळी आणि नाव सांभाळणारी वेगळी असू शकते."

कुठं शोधायचं तेही तिनंच सांगितलं. त्या पानावरच्या चौकटीत आमच्या साइटचं नाव टाकलं. कंपनी परदेशातली, कधी न ऐकलेली. मालकाच्या जागी 'गोपनीय'. आणि नोंदणीची तारीख गेल्या महिन्यातली. आमची साइट तर कितीतरी वर्षं जुनी. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून एकेक अक्षर बघत पुन्हा टाकलं. तेच आलं.

साइट करून देणारा माणूस कारंज्याचा. नाव त्यानंच त्याच्या खात्यावर घेतलं होतं. त्याचा फोन बंद लागत होता, म्हणून एसटीनं कारंज्याला गेले. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"ते तर गेले जी, होळीच्या आधी," ती म्हणाली. "तुमचं काई काम राह्यलं होतं काय त्याईच्याकडे?"

मी नाही म्हटलं. नावाची मुदत संपत आल्याच्या सूचना तो वारल्यावरही त्याच्याच ईमेलवर येत राहिल्या असणार, कोणी न उघडलेल्या. नाव मोकळं झालं आणि कोणीतरी ते उचललं, वर आमची पानंही हुबेहूब उतरवून घेतली.

त्या परदेशी कंपनीला लिहिलं, वाशिमला पोलिसांत तक्रार दिली. कंपनीचं उत्तर आलं, नाव नियमानं दुसऱ्या ग्राहकाचं आहे, परत मिळणार नाही. फसवणुकीचं तेवढं तपासू. काही दिवसांनी ते पान कोरं झालं. मी नवं नाव घेतलं, या खेपेला माझ्या स्वतःच्या खात्यावर.

पण मधल्या काळात फॉर्म कोणी कोणी भरले ते मला कळायला मार्ग नव्हता. म्हणून घरोघर सांगत फिरले. वस्तीवरच्या एका घरी म्हातारी म्हणाली, "काल तुमीच तं फोन केला होता, बाई. तुमी इचारलं ते समदं सांगतलं म्या."

मी फोन केला नव्हता. तिला घेऊन तशीच तालुक्याला, मालेगावच्या बँकेत गेले. खातं थांबवलं, तोवर पैसे जागेवर होते. कागदावर अंगठा होईपर्यंत बाकावर बसलो होतो, तेवढ्यात तिचा मोबाइल वाजायला लागला. नंबर अनोळखी. तिनं तो आम्हा दोघींच्या मधे ठेवला. वाजायचा थांबला, की पुन्हा वाजत होता.