फादरांना एक सिस्टर हवी होती

त्या फादरांचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

परळला आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारी मिस्सा संपली की मी तरुण मुलामुलींबरोबर बसत असे. मी शाळेतून निवृत्त झालेली, बिनलग्नाची बाई. कुणाला धर्मगुरू व्हावंसं वाटायचं, कुणाला सिस्टर, कुणाला लग्न करावं की नाही हेच कळत नसायचं. देवाचं पाचारण आपल्याला कशासाठी आहे, ते ज्याचं त्याने शोधायचं. मी ऐकायचं, मध्येच एखादा प्रश्न विचारायचा. मग हे फादर बदलून आले. "यंदा आपल्याकडून सिस्टर व्हायला कोण?" असं ते वेदीसमोर उभं राहून विचारायचे, गणपतीची वर्गणी मागावी तसं.

त्याच सुमारास लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करणारी मुलगी माझ्याकडे आली. तिचं ठरलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं.

"टीचर, मला सिस्टर व्हायचंय."

"लग्न मोडलं नसतं तरी व्हायचं होतं?"

ती रडायला लागली. मी म्हटलं, वर्षभर थांब. खरंच आतून वाटत असेल तर वर्षाने विरून जाणार नाही.

पुढच्या रविवारी फादरांनी मला हॉलमध्ये सगळ्यांसमोर धारेवर धरलं. "देव बोलावतोय आणि तुम्ही खोडा घालताय!"

"देवाला घाई नाही, फादर. घाई तुम्हाला आहे."

"तुमचं स्वतःचं कुठे काही जमलं नाही, म्हणून दुसऱ्यांना अडवता का?"

मुलीची आई तिथेच होती. तीही माझ्यावरच उखडली. "चाळीतल्या बायका रोज विचारतात, लग्नाचं काय झालं. ही कॉन्व्हेंटमध्ये गेली तर निदान मान तरी राहील!"

"मान तुम्हाला हवाय," मी म्हटलं, "आणि जावं लागणार हिला."

ते तिला झोंबलं. हॉलची चावी फादरांनी त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतली.

मुलगी कॉन्व्हेंटमध्ये गेली, आणि काही महिन्यांतच परत आली. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या, पण प्रार्थनेला बसली की हिला तो मुलगाच आठवायचा. त्यांनीच तिला समजावून घरी पाठवलं.

ती आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी फादर प्रवचनात म्हणाले, काही जण देवाच्या दारापर्यंत जातात आणि घरच्या सोयी आठवल्या की पळून येतात. माना तिच्याकडे वळल्या. मी उठले आणि मधल्या वाटेने, चपला वाजवत बाहेर पडले.

मिस्सा संपल्यावर ती फाटकाशी आली. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"तुम्ही कशाला उठलात?" ती म्हणाली. "ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं. मी शेवटपर्यंत बसणार होते. फादर, आई, तुम्ही, माझं काय ते सगळ्यांनाच ठाऊक!"

"अगं, मी तुझ्या बाजूने..."

"माझी बाजू मलाच अजून कळली नाहीये, टीचर."

आणि ती हिंदमाताच्या दिशेने तरातरा निघून गेली.

आता ती चिंचपोकळीला भाड्याच्या खोलीत एकटी राहते, दुसऱ्या चर्चमध्ये जाते. लग्न की कॉन्व्हेंट, असं कुणी विचारलं तर सरळ सांगते, ठरलं नाही. माझ्याशी बोलते, पण बेतानेच. बाकीची मुलं रविवारी माझ्या घरी येऊन बसतात. फादर याला गटबाजी म्हणतात. म्हणोत.